दोनशे बारावे उदाहरण

"आधी एकक बघ, मग आकड्याला हात लाव. आकडा एकटाच आला असेल, तर त्याला दारातूनच परत पाठव."

हा आवाज बाईंचा. मी वही होण्याच्याही आधी, नुसते कोरे कागद असताना, तो ऐकला आहे. वर्गात कोणी "उत्तर वीस" असे म्हटले, की बाई हातातला खडू खाली ठेवून शांतपणे विचारायच्या, "वीस काय? वीस बटाटे?" वर्ग हसायचा आणि उत्तर देणारा पुढचे आयुष्यभर एकक विसरायचा नाही.

मित्रांनो, मी एक जुनी सराववही आहे. अंगावर करडा पुठ्ठा, पाठीला जाड दोऱ्याचे तीन टाके आणि पोटात रसायन व भौतिकाची तीनशे पासष्ट उदाहरणे. वर्षाचे दिवस तितकी उदाहरणे. रोज एक, कमी नाही आणि जास्तही नाही, असा बाईंचा नेम होता. त्या म्हणायच्या, "एका दिवशी दहा सोडवून नऊ दिवस झोपणाऱ्यापेक्षा रोज एक सोडवणारा मला जवळचा."

त्या वर्षी पाठ्यपुस्तकात धड्यामागे जेमतेम चार-पाच उदाहरणे होती. तेवढ्याने मुलांचा हात बसत नाही, म्हणून बाईंनी स्वतः उदाहरणे रचली. बादली किती वेळात भरेल, उतारावरून सुटलेली सायकल तळाला किती वेगाने पोचेल, एवढ्या पाण्यात एवढे मीठ घातले तर द्रावण किती टक्क्यांचे. मेणकागदावर टोकदार लेखणीने त्यांनी एकेक अक्षर कोरले. लेखणी जरा जोरात टेकली की कागद फाटायचा आणि पान पुन्हा पहिल्यापासून. मग उसन्या आणलेल्या छपाईच्या यंत्रावर शाईचा रूळ फिरला आणि आम्ही चाळीस बहिणी एका दिवसात जन्मलो. उत्तरांचे पान सगळ्यांत शेवटी झाले, जरा घाईतच, कारण यंत्र दुपारच्या आत परत करायचे होते.

वर्गातल्या मुलींनी लांब टेबलाभोवती बसून आम्हाला शिवले. मला शिवणारीच्या बोटाला सुई टोचली. त्याचा तपकिरी ठिपका माझ्या पहिल्या पानावर अजून आहे. मी तो कुंकवासारखा मिरवते. माझा क्रमांक सतरा.

प्रत्येक उदाहरणाखाली एक रिकामी ओळ सोडलेली होती, नुसते 'उत्तर :' लिहून. मुलांनी त्या ओळीवर पेन्सिलीने उत्तर लिहायचे, मगच शेवटचे पान उघडून ताडून बघायचे. वर्ष संपले की एक दिवस खोडरबराचा. सगळी मुले मांडी घालून बसायची, आपापली उत्तरे खोडायची, फुंकर मारायची आणि वही खालच्या वर्गातल्या मुलाच्या हातात द्यायची. मला त्या दिवशी गुदगुल्या व्हायच्या. आंघोळ करून नवे कपडे घातल्यासारखे वाटायचे.

किती हात माझ्यावरून फिरले! एकाने माझ्यावर ओले चंचुपात्र ठेवले, त्याचे गोल वळे एकतिसाव्या पानावर आहे. एकीने कंटाळून समासात मांजर काढले, आणि पुढच्या वर्षीच्या मुलाने त्या मांजराचे वजन न्यूटनमध्ये काढून ठेवले. एकदा शाळेच्या तपासणीला आलेल्या साहेबांनी मला उलटून-पालटून पाहिले आणि म्हणाले, "हे छापून घ्या हो, बाई." बाई नुसत्या हसल्या. मी मात्र त्या दिवसापासून ताठ झाले. मनाशी म्हणू लागले, माझे शेवटचे पान म्हणजे शेवटचा शब्द.

हा गर्व, मित्रांनो, लक्षात ठेवा. पुढे त्याचेच काम आहे.

मग बाई निवृत्त झाल्या. चकचकीत वेष्टनाची मार्गदर्शके आली. त्यांत उदाहरण आणि उत्तर शेजारीशेजारीच, ताडून बघायचीही तसदी नाही. माझ्या बहिणी कोणाकोणाच्या घरी गेल्या त्या गेल्या. मी प्रयोगशाळेतच राहिले, आणि एके दिवशी नव्या सरांनी मला मधोमध दुमडून तराजूच्या टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली सरकवले. ज्या वहीत तराजूवर चौदा उदाहरणे, तीच तराजूच्या पायाखाली! सुरुवातीला मी रडले. मग स्वतःची समजूत घातली, की निदान टेबल तरी सरळ उभे आहे. सहा वर्षे मी ते टेबल धरून ठेवले.

मला तिथून काढले ते काचमावशीने.

काचमावशी म्हणजे प्रयोगशाळेत काचसामान धुणारी. परीक्षानळ्या, चंचुपात्रे, मोजपात्रे, सगळे तिच्या हाताखालून जायचे, म्हणून मुलांनी ठेवलेले हे नाव. चौदा वर्षे ती तिथे होती. त्यातली आठ बाईंच्या तासाला मागच्या मोरीवर, हात पाण्यात आणि कान फळ्याकडे. दहावी झाली होती, पुढे संसारात शिक्षण राहून गेले. आता प्रयोगशाळा साहाय्यकाच्या जागांसाठी परीक्षा जाहीर झाली होती. परीक्षेला वर्ष होते, आणि वयाच्या अटीमुळे तिला बसता येणार होते ते याच एका वेळी. हुकली की जन्मभर मोरी.

तिने टेबलाच्या पायाखाली विटेचा तुकडा सरकवला, मला बाहेर ओढले, पदराने पुसले आणि थेट बाईंच्या घरी नेले. बाई दोन गल्ल्या पलीकडे राहायच्या. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. मला त्यांनी बोटांनी ओळखले.

"हे टाके माझ्या वर्गातले," त्या म्हणाल्या. "कुठे होती गं ही?"

"टेबल सांभाळत होती, बाई."

"म्हणजे माझ्यापेक्षा उशिरा निवृत्त झाली!" बाई हसल्या. मग त्यांचा आवाज बदलला. "हे बघ, शिकवायला माझे डोळे उरले नाहीत. पण नेम देते. रोज सकाळी एक उदाहरण. स्वतःचं उत्तर लिहिल्याशिवाय शेवटचं पान उघडायचं नाही. आणि उत्तर जुळल्याशिवाय पुढे जायचं नाही. जमेल?"

"तीनशे पासष्टच्या तीनशे पासष्ट करीन," मावशी म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून ती पहाटे उठू लागली. अंघोळ, मग क्षणभर डोळे मिटून हात जोडणे, मग चहाचे आधण ठेवून माझ्यासमोर बसणे. ती माझ्यापुढेही हात जोडायची. मी कागदाची, मला काय कळते, पण त्या क्षणी माझी पाने आपोआप सरळ होत. पहिल्या महिन्यात चहा उतू जायचा. तिसऱ्या महिन्यात उदाहरण आधी संपू लागले. तिची लेक, कॉलेजात जाणारी, पांघरुणातूनच विचारायची, "आई, आज काय पडलं वरून?"

"दगड. दोन सेकंदांत वीस मीटर."

"कोणाच्या डोक्यावर?"

"झोपून राहशील तर तुझ्या."

ताप आला तरी तिचा नेम चुकला नाही. लेकीने कपाळावर ओली पट्टी ठेवली आणि मावशीने त्या पट्टीखालूनच विशिष्ट उष्णतेचे उदाहरण सोडवले. दोनशे अकरा उदाहरणे झाली. दोनशे अकरा वेळा शेवटचे पान उघडले. कधी पहिल्या फटक्यात, कधी चौथ्या, पण दर वेळी उत्तर जुळले. आणि मग आले दोनशे बारावे.

ते असे होते: 'एका सिरिंजमध्ये २७ अंश सेल्सिअस तापमानाची ५० मिलिलिटर हवा आहे. दाब तोच ठेवून ती ५४ अंशांपर्यंत तापवली, तर तिचे आकारमान किती होईल?'

मावशीने हिशेब केला. वायूच्या उदाहरणात सेल्सिअस चालत नाही, त्यात दोनशे त्र्याहत्तर मिळवून केल्व्हिन करायचे, हे तिने मोरीवर उभे राहून शंभर वेळा ऐकले होते. तीनशे केल्व्हिनचे तीनशे सत्तावीस झाले. उत्तर साडेचौपन्न मिलिलिटर. तिने ओळीवर लिहिले आणि शेवटचे पान उघडले.

तिथे होते: १०० मिलिलिटर.

तिने पुन्हा केले. पुन्हा साडेचौपन्न. चहा गार झाला. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. उत्तर जुळल्याशिवाय पुढे जायचे नाही, असा शब्द दिलेला. परीक्षा जवळ येत होती आणि ती एका पानावर खिळून बसली होती. बाईंकडे जावे, तर त्याच आठवड्यात त्यांच्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली होती आणि काही दिवस कोणी भेटायचे नव्हते.

"मागचं उत्तर लिही आणि पुढे चल ना," लेक म्हणाली. "एकाने काय होतंय?"

"दिलेला शब्द आहे."

"शब्द पाळता पाळता परीक्षा निघून जाईल, आई! तुझी एकच वेळ आहे!"

मावशीने पेन्सिलीला टोक काढले आणि हिशेब पुन्हा पहिल्या ओळीपासून मांडला.

शाळेत तिने नव्या सरांना विचारले. सरांनी मला हातातही घेतले नाही. "मावशी, मागे शंभर दिलंय ना? मग शंभरच. सत्तावीस दुणे चौपन्न, पन्नास दुणे शंभर. वही काय खोटं बोलणार आहे का?"

मी अभिमानाने फुगले. मनात म्हटले, बरोबर! माझे शेवटचे पान, माझा शेवटचा शब्द!

बाराव्या सकाळी मावशीने दिवा जरा जवळ ओढला आणि मला तिरके धरले. तिला काहीतरी दिसले होते. माझ्या बाकीच्या ओळी खोडून खोडून थोड्या खरखरीत झाल्या होत्या. पण दोनशे बाराव्या उदाहरणाखालची ओळ इतकी पातळ झाली होती, की तिच्यातून पलीकडचा उजेड दिसत होता. वर्षअखेरीच्या एका खोडण्याने कागद असा झिजत नाही. तिथे दर वर्षी दोनदा खोडले गेले होते. पहिल्यांदा स्वतःचे उत्तर, मग वर्षअखेरीला शंभर. मावशीने बोट फिरवले. पेन्सिलीच्या दाबाने उठलेले खळगे तिच्या बोटाला लागले. एकावर एक गिरवलेले पाच, चार आणि पुन्हा पाच.

मला तेव्हा आठवले, मित्रांनो. सगळे आठवले. ती मांजरवाली मुलगी, ते चंचुपात्रवाले पोर, आणखी कितीतरी. त्यांनी साडेचौपन्न लिहिले होते. बरोबर लिहिले होते. मग माझे शेवटचे पान उघडले होते, चेहरे पडले होते आणि त्यांनी आपले खरे उत्तर खोडून माझे खोटे लिहिले होते. त्या गुदगुल्या नव्हत्या. मी लाजेने काळी झाले असते, पण आधीच शाईने काळी होते.

मावशी उठली. शाळा उघडायच्या तासभर आधी ती प्रयोगशाळेत पोचली, कारण केर तिलाच काढायचा असे. केराआधी तिने कपाटातून काचेची मोठी सिरिंज काढली. रोज तीच धुवायची, त्यामुळे तिचा दट्ट्या किती हलका सरकतो हे तिला ठाऊक होते. सिरिंज कोरडी केली, पन्नासच्या खुणेपर्यंत हवा घेतली, तोंड रबरी टोपणाने घट्ट बंद केले. उंच भांड्यात सत्तावीस अंशांचे पाणी घेऊन त्यात ती उभी धरली. दट्ट्या पन्नासवरच. मग कढत पाणी थोडे थोडे मिसळत तिने तापमापी चौपन्नवर आणली आणि दट्ट्या अडकू नये म्हणून बोटांनी हळूच फिरवत थांबली.

दट्ट्या वर सरकला. एक रेघ, दोन, तीन, चार. आणि चौपन्नच्या जरा वर जाऊन थांबला.

मी टेबलावर उघडी पडले होते. मला वाटत होते, आणखी वर जा, शंभरवर जा, माझी लाज राख. तो हलला नाही. पाणी चौपन्न अंशांवर, दट्ट्या साडेचौपन्नाच्या आसपास, आणि मावशी ओल्या हातांनी तोंड दाबून हसत होती. नंतर ती हसायची थांबली आणि तिने डोळे मिटून हात जोडले.

त्याच संध्याकाळी बाईंनी भेटीला परवानगी दिली. त्यांच्या डोळ्यांवर काळा चष्मा होता. मावशीने उदाहरण वाचून दाखवले, स्वतःचे उत्तर सांगितले, सिरिंजची हकीकत सांगितली आणि शेवटी खाली बघत माझे शेवटचे पान वाचले.

बाईंनी बोटांवर हिशेब केला, एकदा आणि पुन्हा एकदा.

"चुकले का मी, बाई?" मावशीने घाबरून विचारले.

"तू नाही, मी चुकले," बाई म्हणाल्या. "ते यंत्र दुपारी परत द्यायचं होतं. उभ्या उभ्या कोरलं असेल मी ते पान. जन्मभर 'आधी एकक, आधी एकक' म्हणून घसा कोरडा केला, आणि स्वतःच एककाला दारात उभं ठेवून आकड्याला आत घेतलं!" त्यांनी हात पुढे केला आणि माझी ती झिजलेली ओळ चाचपली. "इतकी मुलं इथे थांबली, आणि एकानेही मला विचारलं नाही?"

"तुम्हाला कोण विचारणार, बाई? तुमचा धाक केवढा!"

"मग तू कशी विचारतेस?"

"मला दट्ट्याने सांगितलं. मी फक्त निरोप आणला."

बाई मोठ्याने हसल्या, इतक्या, की चष्म्याखालून पाणी आले. "अगं, डोळ्याला रडायची बंदी आहे माझ्या!" मग त्यांनी टेबलावरचे पेन चाचपून मावशीच्या हातात दिले. "पेन्सिल नको. पेनाने लिही. तुझ्या हाताने."

आणि माझ्या शेवटच्या पानावर, जिथे कधी कोणी खूणही केली नव्हती, मावशीने शंभरावर रेघ मारली आणि लिहिले: ५४.५ मिलिलिटर.

मित्रांनो, मला वाटले होते की मी मोडून पडेन. पण खरे सांगते, इतके हलके मला जन्मात वाटले नव्हते. तपासणीच्या साहेबांच्या कौतुकाने मी ताठ झाले होते, या एका रेघेने मी खरी झाले.

"पण बाई, माझे अकरा दिवस गेले," मावशी म्हणाली. "रोज एकच करायचं, तर परीक्षेपर्यंत अकरा राहणार."

"परीक्षा तुझ्यासाठी थांबणार नाही. नेम थांबेल. परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी पुढचं उदाहरण सोडव." मग बाई गंभीर झाल्या. "माझं मात्र काय गं? चाळीस प्रती होत्या. एकोणचाळीस ठिकाणी मी अजून खोटंच बोलतेय."

मावशीने माझ्या पुठ्ठ्यावर हात ठेवला. "मी जाऊन दुरुस्त करीन. परीक्षा झाली की एकेक घर शोधीन."

"रोज एक?"

"रविवारी एक, बाई. रोज गेले तर लेक मला घराबाहेर काढेल."

परीक्षा झाली. तिच्या पिशवीत मीही होते, दाराबाहेर खुंटीला. लेखी पेपर देऊन ती बाहेर आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, थोडी भूक होती. प्रात्यक्षिकाचे मात्र तिने बाईंना सांगितले तेव्हा मला कळले. मीठ तोलायला सांगितले होते. बाकीचे लगेच तोलू लागले. मावशीने आधी टेबल हलवून पाहिले, कागदाची घडी केली आणि आखूड पायाखाली सरकवली.

"तराजू राहिला बाजूला, तुम्ही टेबल काय दुरुस्त करताय?" परीक्षकांनी विचारले.

"साहेब, टेबल डुगडुगलं की तराजू खोटं बोलतो. बिचाऱ्याचा दोष नसतो."

परीक्षकांनी काहीतरी लिहून घेतले. काय लिहिले ते यादी लागली तेव्हा समजले. अकरा जागा होत्या. तिचे नाव सातवे.

"सातवी!" लेक बोर्डासमोरच ओरडली. "आई, सातवी! मोरी सुटली!"

"अगं हळू," मावशी म्हणाली, पण स्वतःच तीन वेळा पुढे जाऊन नाव वाचून आली. यादी बघायला आलेले शाळेतले नवे सर मागे उभे होते. ते पुढे आले आणि म्हणाले, "ती वही जरा दाखवाल का? ते दोनशे बारावं?" तिने मला त्यांच्या हातात दिले. ज्या हातांनी मला दुमडले होते, त्याच हातांनी त्यांनी माझी घडी सरळ केली.

उरलेली अकरा उदाहरणे तिने अकरा सकाळी सोडवली. तीनशे पासष्टावे जुळले, त्या दिवशी चहा पुन्हा उतू गेला.

मित्रांनो, माझ्यासारखी एखादी जुनी वही तुमच्याही घरात कुठे दबून पडली असेल. तिला बाहेर काढा, पुसा, तिच्याकडून शिका. पण तिच्या शेवटच्या पानाला घाबरू नका. आधी स्वतःचे उत्तर लिहा. जुळले नाही तर पुन्हा करा, आणि तरीही जुळले नाही तर खोडरबर उचलू नका. विचारायला जा. आम्हा वह्यांना चूक दाखवलेली आवडते. खोडलेले खरे उत्तर मात्र आम्हाला झिजवते.

आज रविवार आहे. खिडकीत नुकते उजाडले आहे. नव्या नोकरीचा पहिला आठवडा काल संपला. लेक गाढ झोपली आहे. मावशीने अंघोळ केली, हात जोडले आणि मला पिशवीत ठेवले. शेजारी पेन ठेवले, टोपण नीट लागले आहे ना ते पाहून. तिच्या हातात एक कागद आहे. त्यावर पहिली ओळ: प्रत क्रमांक नऊ, बसथांब्यामागचा शिंपी, बाईंचा जुना विद्यार्थी.

लेक कुशीवर वळून पुटपुटते, "आई, एवढ्या सकाळी कुठे?"

"झोप तू. चहा झाकून ठेवलाय."

दाराची कडी आवाज न करता निघते. मावशी चपला पायात सरकवते आणि पायऱ्या उतरू लागते.